वस्तीतल्या पाण्याची तपासणी आणि पथनाट्य: अकरावीच्या मुलांकडून नीट कसं करून घ्यावं?

चेंबूर_ज्युनिअर (प्रश्न)

अकरावीच्या एनएसएस गटासाठी विचारते आहे. सोळा मुलं-मुली, नऊ सायन्सची, सात आर्ट्सची. बहुतेक जण मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डातच राहतात: गोवंडीतलं शिवाजीनगर आणि बैंगनवाडी, मानखुर्द. विषय त्यांनीच ठरवलाय, पाण्याचा. एकाच गल्लीत पहिल्या नळाला जोरात धार आणि शेवटच्या नळाला करंगळीएवढी. काही ठिकाणी सुरुवातीचं पाणी वास मारतं. ज्यांना पुरत नाही ते कॅन विकत घेतात. हे सगळं मोजायचं, वस्तीत पथनाट्यातून आणि भिंतीवरच्या चित्रातून मांडायचं आणि मग वॉर्ड ऑफिसला न्यायचं, असा बेत आहे.

हाताशी १५,००० रुपये, दोन टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठ आठवडे आहेत. विचारायच्या गोष्टी तीन. नेमकं काय मोजलं म्हणजे इंजिनीयरला ते बाजूला सारता येणार नाही? आर्ट्सच्या मुलांच्या वाट्याला शेवटी नुसती पोस्टरं रंगवणं येऊ नये म्हणून आखणी कशी करावी? आणि या सगळ्याचा वस्तीतल्या कुणाला त्रास होणार नाही, हे कसं बघायचं?

नळखांब

मॅडम, टीडीएस मीटर आधी बाजूला ठेवा. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांचं. त्याचा टीडीएस मुळातच लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत चालतो. गटाराचं थोडं पाणी मिसळलं तर ९० चे १०० होतील, मीटर ‘उत्तम’ म्हणेल आणि मुलं घरोघरी तेच सांगत फिरतील. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. आकडा एकदम चारशे-पाचशेवर गेला तर ते पाणी बोअरचं किंवा टँकरचं असावं एवढा संशय घ्यायला त्याचा उपयोग आहे, बस.

मुख्य मोजमापं दोनच ठेवा: मोकळा क्लोरीन आणि धार.

क्लोरीन का, हे मुलांना आधी नीट समजू द्या. भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून पाणी क्लोरीन घालूनच निघतं. वाटेत काही सडकं मिसळलं की क्लोरीन तिथे खर्ची पडतो. म्हणून नळाशी किती उरला यावरून वाटेत काय झालं त्याचा अंदाज येतो. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. वस्तीत पाणी ठरावीक वेळच येतं, बाकीचा दिवस पाइपात दाबच नसतो. सांध्यातून, चिरेतून, गटारात लोळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपांतून बाहेरचं पाणी तेव्हा आत शिरतं. पाण्याच्या वेळेत कुणी मोटर लावली की पाइपात ओढ तयार होते, त्यातूनही तेच घडतं. त्यामुळे एका नळावर एकदाच घेतलेला आकडा काही सांगत नाही. पाणी सुटल्यावर पहिल्या दोन मिनिटांत एक, दहाव्या मिनिटाला दुसरा आणि पाणी जायच्या जरा आधी तिसरा, असे तीन घ्या.

किट घेताना डीपीडी गोळ्यांचं घ्या, क्लोरीन असला की पाणी गुलाबी करतात त्या. ग्रामपंचायतीत चालते ती ओटीची पिवळी चाचणी मुलांच्या हातात देऊ नका. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे आणि कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचा संशय आहे. शिवाय त्यात मोकळा आणि जोडलेला (पाण्यातल्या अमोनियाशी जोडला जाऊन कमजोर पडलेला) क्लोरीन पटकन वेगळा कळत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत डीपीडी क्रमांक १ च्या गोळ्या आणि रंग जुळवायचा कम्पॅरेटर मिळतो. गोळ्यांची मुदत आधी बघा. पाकीट फाटलं असेल, गोळी गुलाबीसर किंवा करडी पडली असेल तर ती घेऊ नका. मुंबईच्या दमटपणात उघडी गोळी टिकत नाही, ती पाणी काढल्यावरच फोडायची.

कृती अशी. नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा. थोड्या पाण्यात गोळी काचेच्या कांडीने चुरडा, बोट लावू नका, मग १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा. नळीबाहेरचे थेंब पुसा. पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात नाही, एका मिनिटाच्या आत रंग जुळवा. पाच मिनिटांनी बघितलं तर गुलाबी चढलेला दिसतो. तो जोडलेल्या क्लोरीनचा असतो, मोकळ्याचा नव्हे. पहाटेचं पाणी असेल तर पांढऱ्या एलईडी टॉर्चखाली वाचा, पिवळ्या बल्बखाली सगळे आकडे चुकतात. बाटलीत भरून कॉलेजात नेऊन तपासणं तर अजिबातच नको. क्लोरीन वाटेतच उडतो.

एक नळी दोघांनी वाचायची आणि एकमेकांना न सांगता आकडा लिहायचा. फरक कम्पॅरेटरवरच्या रंगाच्या एका घरापेक्षा जास्त आला तर चाचणी पुन्हा. काम सुरू करण्याआधी सगळ्यांची रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं मूल सोळा जणांत असू शकतं आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. त्याला धार मोजायला द्या.

फसवी जागा एक आहे. क्लोरीन फारच जास्त असेल, म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर, तर डीपीडीचा रंग उडून जातो आणि पाणी बिनक्लोरीनचं वाटतं. नळाला हे सहसा होत नाही, पण नुकताच टँकरने भरलेला किंवा औषध टाकलेला पिंप असेल तर होतं. वास उग्र आणि रंग शून्य अशी जोडी दिसली की १ भाग नमुना आणि ९ भाग डिस्टिल्ड वॉटर करून पुन्हा बघा.

गोळ्यांचा हिशेब: १२ नळ, रोज ३ वेळा, सहा दिवस म्हणजे २१६. दर दहावी चाचणी दुहेरी, त्या २२. रोज एक कोरी चाचणी डिस्टिल्ड वॉटरवर, त्या ६. एकूण २४४, म्हणून २५० घ्या. बारा नळ निवडताना मुख्य जोडणीजवळचे चार, मधले चार, शेवटचे चार असे घ्या. तक्रार असलेल्याच गल्ल्या निवडल्या तर इंजिनीयरचं पहिलं वाक्य ‘तुम्ही वाईट तेवढेच नळ उचललेत’ हे असेल, आणि ते बरोबर असेल.

धार मोजायला हंडा आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. हंडा खरोखर किती लिटरचा आहे हे आधी मापाने भरून बघा, दुकानदार पंधरा म्हणतो तो तेरा निघतो. समजा १५ लिटर भरायला ९० सेकंद लागले, तर मिनिटाला १० लिटर. पाणी दोन तास येतं आणि नळ पाच घरांचा, माणसं पंचवीस. १२०० लिटर भागिले २५, माणशी ४८. आता दुसऱ्या तासाला धार निम्मी झाली तर ६०० अधिक ३००, म्हणजे ९०० लिटर, माणशी ३६. एकदाच मोजलं असतं तर ४८ लिहून मोकळे झालो असतो. म्हणून इथेही तीन वेळा.

बतावणी

वरचं सगळं मान्य. आता आर्ट्सच्या मुलांबद्दल. पोस्टरच्या वाटेने जायचं नसेल तर त्यांच्या हातात पहिल्या दिवसापासून स्वतःचं मोजमाप द्या. पाणी कोण भरतं, किती वाजता उठतं, त्यासाठी कुणाची शाळा बुडते, कॅनला किती जातात, हा निम्मा विषय आहे आणि तो गोळीने मोजता येत नाही.

कॅनचा हिशेब असा मांडायला लावा. ३५ लिटरचा कॅन समजा ३० रुपयांना मिळतो. हजार लिटरला झाले ८५७ रुपये. पालिकेचा झोपडपट्टीचा दर २०२२ च्या दरवाढीनंतर हजार लिटरला पाच-सव्वापाच रुपयांच्या घरात होता. म्हणजे दीडशे पटींहून जास्त. तुमच्या गल्लीतला खरा भाव आणि चालू बिलावरचा दर घाला आणि हेच गणित करा. अर्थशास्त्राच्या मुलांनी हे भर चौकात खडूने फळ्यावर करून दाखवलं तर त्याला संवादही लागत नाहीत.

मांडणीसाठी हंडेच वापरा. एक हंडा म्हणजे १५ लिटर. सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरांसाठी सीपीएचईईओच्या, म्हणजे पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, नियमपुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटर धरलेत, म्हणजे ९ हंडे. ते नऊ हंडे एका ओळीत मांडा. त्याच्या शेजारी प्रत्येक गल्लीच्या नावाची पाटी आणि तिच्या वाट्याचे हंडे. ३६ लिटर म्हणजे दोन पूर्ण हंडे आणि तिसरा अर्ध्याहून थोडा कमी, तेवढंच पाणी त्यात भरलेलं. हा स्तंभालेखच आहे, पण निरक्षर आजीलाही तो लांबून वाचता येतो. हंडे वस्तीतूनच मागून आणा, तळाला कुंकवाने किंवा खडूने खूण करा, संध्याकाळी ज्याचे त्याला परत. पाणी सांडू देऊ नका. पाणीटंचाईच्या कार्यक्रमात सांडलेलं पाणी लोकांना लागतं, आणि ते लागणं योग्यच आहे.

पथनाट्य बारा ते पंधरा मिनिटांचं, त्याहून लांब नको. मुंबईच्या कामगार वस्त्यांत हे नवं नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं तेव्हाही तमाशातली बतावणी आणि सवाल-जवाब हेच हत्यार होतं. तो साचा आकड्यांना फार छान बसतो. एक बाजू सवाल टाकते: ‘पहिल्या नळाला मिनिटाला किती?’ दुसरी वहीचं पान उघडून जवाब देते. डफावर ठेका. संहितेतल्या प्रत्येक विधानासमोर वहीचा पान क्रमांक लिहून ठेवा, ज्याला पान नाही ते वाक्य काढून टाका. अतिशयोक्तीचं एक वाक्य सापडलं की बाकीचे खरे आकडेही खोटे ठरवले जातात.

चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाला, खलनायक करू नका, हे कळकळीने सांगतो. व्हॉल्व्ह कधी आणि किती फेरे उघडायचा हे तो ठरवत नाही, वरून आलेल्या वेळापत्रकाने तो चालतो. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र तोच असतो. नाटकात त्याच्यावर टाळ्या घेणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीत त्यालाच एकट्याने यायचं असतं.

भाषा मिसळीच ठेवा. गोवंडीत शुद्ध मराठी नाटक अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून जाईल. हिंदी, थोडी मराठी, आणि जिची घरची बोली भोजपुरी आहे तिने भोजपुरीतच बोलावं.

आणि शेवटी, प्रेक्षकांसमोर चौकातल्या पाण्यात गोळी टाकून दाखवा. गुलाबी झालं तर झालं, नाही तर नाही. त्याहून मोठा प्रसंग लिहिता येणार नाही.

नळखांब

शेवटच्या मुद्द्याला विरोध आहे. नाटक संध्याकाळी आणि पाणी पहाटे, मग तुम्ही तपासणार काय? पिंपातलं साठवलेलं पाणी. त्यातला क्लोरीन दिवसभरात आपसूक कमी होतो, झाकण नसेल तर आणखी लवकर. नळाला चांगलं ०.५ आलेलं पाणीही संध्याकाळी शून्य दाखवेल. लोक म्हणतील पालिका विष पाजते, आणि सहाय्यक अभियंता एका वाक्यात सांगेल की हा पिंपाचा दोष आहे. सहा दिवसांची मेहनत तिथेच संपली. वरून १० मिलिलिटरच्या नळीतला फिका गुलाबी रंग तीन मीटरवरून दिसतही नाही.

बतावणी

बरोबर आहे, साठवणीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. मग रंगांचे मोठे पत्ते करा: ०, ०.२, ०.५ आणि १.०. कम्पॅरेटरच्या चकतीशी जुळवून पोस्टर कलरने, ए-थ्री आकाराचे. आर्ट्सच्या मुलांना हे जमवायला दोन दिवस लागतील, कारण ओला रंग वाळला की वेगळा दिसतो. वाळलेला नमुना उजेडात धरून मगच पक्का करा. सवाल-जवाबात गल्लीचं नाव पुकारलं की त्या गल्लीचे पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्या मिनिटाचा असे दोन पत्ते शेजारी शेजारी वर धरायचे. शून्याचा पांढरा पत्ता आणि त्याच्या शेजारी गुलाबी, हा फरक गर्दीच्या मागच्या रांगेलाही दिसतो. पिंपाचं पाणी तपासायचंच असेल तर तो वेगळा प्रवेश करा, ‘झाकण ठेवा, पाण्यात हात घालू नका, दांड्याचा डाव वापरा’ हे सांगण्यासाठी.

चेंबूर_ज्युनिअर

दोघांचेही आभार. आमच्या काही मुलांच्या गल्लीतल्या जोडण्या अधिकृत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण नकाशा काढून वॉर्ड ऑफिसला दिला तर तोडकाम तिथूनच सुरू होईल अशी भीती पालकांनी बोलून दाखवली. ती मला खरी वाटते. आणि भिंतीच्या परवानगीचं काय?

एमपूर्व_फाईल

भीती खरी आहे, आणि या सगळ्या कामात सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यायची.

नकाशावर घर, पाइप, मीटर क्रमांक, मोटर यांतलं काहीही दाखवू नका. नळाला सांकेतिक अक्षर द्या आणि कुठलं अक्षर कुठला नळ याची एकच यादी तुमच्याकडे, कागदावर, कुलपात राहू द्या. कार्यालयाला जे जाईल त्यात ‘पहिला टप्पा, मधला टप्पा, शेवटचा टप्पा’ एवढंच असावं. पाइपांचे फोटो मुलांच्या मोबाइलवर काढू नका, कारण फोटोत ठिकाणाची नोंद राहते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कच्चे आकडे टाकू नका. आणि मोजमाप सुरू करण्याआधी गल्लीतल्या बायकांची बैठक घ्या, फक्त कमिटीच्या पदाधिकाऱ्यांची नको. पाणी भरतात त्या बायका, आणि तुटलं तर भोगणार त्याच. त्यांनी ‘आमची गल्ली नको’ म्हटलं तर ती गल्ली यादीतून काढा. मुलं अठराच्या आतली, पाणी पहाटेचं, म्हणून पालकांची लेखी संमती आणि ज्याने त्याने आपल्याच गल्लीत मोजायचं हा नियम.

कायद्याची बाजूही मुलांना माहीत असू द्या. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं आणि वस्ती २००० नंतरची आहे एवढ्या कारणावरून ते नाकारता येणार नाही. पण त्याच निकालात, सर्वांना सारख्याच प्रमाणात द्यावं लागेल असंही म्हटलेलं नाही. ‘कोर्टाने १३५ लिटर द्यायला सांगितलंय’ असं नाटकात आलं तर ते चूक ठरेल.

मागणी कुणाकडे करायची ते नेमकं ठरवा. दूषित पाण्याची तक्रार पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर करून तक्रार क्रमांक घ्या, तो वहीत त्या दिवसाच्या आकड्यांशेजारी लिहा. पत्र वॉर्डाच्या सहाय्यक अभियंता (जलकामे) यांच्या नावे, प्रत सहाय्यक आयुक्तांना, आवक शिक्का मारलेली पोच तुमच्याकडे. पत्र एकाच पानाचं हवं. वर तीन ओळींचं कोष्टक: टप्पा, ०.२ च्या खाली आलेल्या चाचण्या एकूण चाचण्यांपैकी किती, माणशी लिटर. खाली दोनच मागण्या, त्यांना करता येण्याजोग्या: शेवटच्या टप्प्यात पालिकेने स्वतः नमुने घ्यावेत आणि त्या जोडणीवरची गळती शोधावी. ‘पाण्याचा प्रश्न सोडवा’ अशी मागणी फाइलला लागते आणि तिथेच राहते.

पालिकेच्या पर्यावरण सद्यस्थिती अहवालात पिण्यास अयोग्य ठरलेल्या नमुन्यांचं प्रमाण वॉर्डनिहाय छापलेलं असतं. तुमच्या आकड्यांशेजारी पालिकेचाच तो आकडा ठेवा. तुमच्या भागात नमुने कुठून घेतले आणि निकाल काय आले, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमचे आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. तेव्हा हा अर्ज पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे, नाही तर उत्तर परीक्षेत येईल. ‘का’ विचारू नका, नोंदी मागा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या विभागातून घेतलेल्या पाणी नमुन्यांची ठिकाणं, तारखा आणि तपासणी निकालांच्या प्रती’. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. अर्ज तुमच्या नावाने करा, वस्तीतल्या कुटुंबाच्या नावाने नको.

भिंतीबद्दल: महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ लागू आहे. सार्वजनिक ठिकाणच्या भिंतीवर परवानगीशिवाय रंगवणं गुन्हा ठरू शकतो. बालवाडीची, मंडळाच्या कार्यालयाची भिंत शोधा, मालकाची लेखी परवानगी घ्या आणि वॉर्ड ऑफिसला विचारा. पथनाट्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या. माइक नकोच. रहिवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि जवळ शाळा-रुग्णालय असेल तर शांतता क्षेत्र म्हणून त्याहून कमी. डफ आणि घसा पुरतो.

रंगपेटी

भिंतीचं माझ्याकडून. वस्तीतल्या भिंती खालून तीन-चार फूट ओल्या असतात आणि त्यांना लोणा धरलेला असतो, पांढरी बुरशीसारखी पूड. त्यावर थेट रंग लावला तर महिन्याभरात पापुद्रे निघतात, मग रंग कितीही महागाचा असो. तारेच्या ब्रशने खरवडा, कोरड्या कापडाने पुसा (पाण्याने धुतलं तर क्षार पुन्हा वर येतात), दोन दिवस वाळू द्या आणि चित्र चार फुटांच्या वर घ्या. खालचा पट्टा साधा चुन्याचा ठेवा, तो दर वर्षी पुन्हा मारता येतो.

दहा बाय आठ फुटांच्या भिंतीला, म्हणजे ८० चौरस फुटांना, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर १ लिटर, पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन २ लिटर आणि रंगासाठी स्टेनरच्या छोट्या बाटल्या: निळा, लाल, पिवळा, काळा. आतल्या भिंतीचं डिस्टेंपर एका पावसात वाहून जातं. पत्र्याची भिंत असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, तिला लोखंडाचा प्रायमर आणि ऑइल पेंट लागतो.

आकडे मात्र भिंतीवर रंगवू नका. आकडे बदलतात, बदलले पाहिजेत, त्यासाठीच तर हा खटाटोप आहे. चित्रात गल्लीची आडवी रेघ आणि तिच्यावर बारा नळ काढा, प्रत्येक नळाखाली एक खिळा ठोका. त्यावर गुलाबी किंवा पांढरी पत्र्याची चकती अडकवायची. जुन्या डब्यांची झाकणं चालतात, कडा घासून घ्या. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा मोजतील आणि चकत्या बदलतील. फक्त एमपूर्व_फाईल यांनी म्हटलेलं इथेही पाळा. रेघ सरळच ठेवा, खऱ्या गल्लीचा आकार देऊ नका, नाही तर कुणाचा नळ कोणता हे पाहणाऱ्याला लगेच कळेल.

चेंबूर_ज्युनिअर

फार मोलाचं मिळालं. एक राहिलं. काही मुलं एच-टू-एस पट्टीच्या बाटल्या आणायच्या म्हणताहेत, जंतू बघायला; जंतू असले की त्यातलं पाणी काळं होतं. आणाव्यात का? आणि एखाद्याच्या नळाचं पाणी बाटलीत काळं झालं तर त्या घराला काय सांगायचं?

नळखांब

मोजक्या आणा, दहा-बारा, आणि पहिल्या दोन मिनिटांत ज्या नळांना क्लोरीन शून्य आला तिथेच वापरा. बाटलीच्या खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण आतून बोटाने शिवू नका, ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा खाली जातो, तेव्हा बाटल्या कापडात गुंडाळून बंद कपाटात ठेवा. काळं होणं म्हणजे विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता. सिद्ध झालं असं नव्हे, कारण गाळातल्या दुसऱ्या जंतूंनीही ते काळं होतं. काळी बाटली उघडून वास घेऊ नका. त्यात ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण घालून अर्धा तास ठेवा आणि मग संडासात ओता. हे काम मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करायचं.

पक्का निकाल हवा तर प्रयोगशाळेचा. तिथून मिळालेली निर्जंतुक बाटली विसळायची नाही, आत क्लोरीन मारायला थायोसल्फेट घातलेलं असतं. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. पहाटे पाचला घेतलेला नमुना अकरापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून कोण नेणार ते आदल्या दिवशी ठरवा.

घराला त्याच दिवशी सांगायचं, अहवालाची वाट बघायची नाही. क्लोरीन शून्य आला तेव्हाच सांगा, बाटली काळी होईपर्यंत थांबू नका. ज्या मुलीने मोजलं तिने एकटीने नाही, तुम्ही सोबत असताना. शब्द साधे ठेवा: ‘आज सुरुवातीच्या पाण्यात औषध उरलेलं नव्हतं. पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी भांडी-फरशीला वापरा, प्यायचं पाणी त्यानंतर भरा, आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवून मग गाळून, झाकून ठेवा.’ गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात क्लोरीनच्या गोळ्यांची चौकशी करा. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, तेच वापरायचं, अंदाजाने टाकायचं नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाला जुलाब चालू असतील तर ते घर आधी. आणि त्याच सकाळी १९१६ वर तक्रार, पण ती गल्लीच्या तोंडावरच्या खुणेच्या जागेवरून नोंदवा, घर क्रमांक देऊ नका.